बाबा घरी नाहीत

बदलीच्या गावी संध्याकाळ किती लांबते, हे आपणांस मी सांगावयास नको. कानपूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या सरकारी घरात ती कशीबशी सरावी म्हणून, पत्नीच्या आग्रहास्तव, मी एक कोरियन मालिका पाहावयास बसलो. ‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’ हे तिचे नाव. २०२२ साली ती प्रथम दाखविली गेली. प्रेमकथा आहे असे मला सांगण्यात आले होते, आणि प्रेमकथांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही.

परंतु पहिल्याच भागात मी सावरून बसलो. १९९७ च्या अखेरीस दक्षिण कोरियाची परकी गंगाजळी आटली आणि त्या देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला. उसन्या पैशावर फुगलेले उद्योग एकामागून एक कोसळले. मालिकेतील यी-जिन हा अशाच एका बुडालेल्या कारखानदाराचा मुलगा. कर्जाची झळ घरच्यांना लागू नये म्हणून त्याचे आईवडील कागदोपत्री घटस्फोट घेतात, घर चार दिशांना पांगते आणि कालचा श्रीमंत मुलगा वर्तमानपत्रे टाकू लागतो. त्याची भाड्याची खोली जरा अधिकच सुबक दाखविली आहे; दारिद्र्याला इतका सुंदर उजेड लाभत नाही. पण एके दिवशी वडिलांचे धनको त्याला गाठतात. तो मान खाली घालतो आणि आपण कधीही सुखी होणार नाही, असे वचन त्यांना देतो.

तेथे मी उठून पाणी प्यायलो.

आमचे इचलकरंजीला सहा माग होते. त्यांच्या खडखडाटात आम्ही झोपत असू. तो थांबला की जाग येई. २००८ च्या मंदीत तो थांबला तो कायमचाच. सुताची उधारी थकली, आईच्या पाटल्या गहाण पडल्या आणि माग भंगाराच्या भावाने गेले. देशानेही जुलै १९९१ मध्ये सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण ठेवले होते. कोरियात तर १९९८ च्या आरंभी लक्षावधी लोकांनी लग्नाच्या अंगठ्यासुद्धा सरकारला आणून दिल्या. परीक्षेसाठी हे सारे मी पुढे पाठ केले, आणि प्रत्येक वेळी मला पाटल्याच दिसल्या.

एका दुपारी सुताचा व्यापारी दारात आला. मी बारावीत होतो. ‘बाबा घरी नाहीत,’ मी म्हणालो. कोणी शिकविले नव्हते. आतल्या खोलीत बाबा भिंतीला टेकून बसले होते, आणि मधला दरवाजा उघडा होता. व्यापारी भला माणूस, मुकाट्याने परतला. बाबा संध्याकाळी स्वतः त्याच्याकडे गेले. त्या दुपारीविषयी आम्ही दोघे कधी बोललो नाही. मी मात्र पदवी घेताच पहिल्या तारखेला पगार देणारी नोकरी धरली.

गेल्या रविवारी दूरध्वनीवर धीर करून विचारले, “बाबा, तो सूतवाला आला होता, आठवतं?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तिकडे थंडी पडली का रे?”

पडली आहे, मी म्हणालो. मग स्वेटर लोकरीचा घ्यावा की कसा, यावर आम्ही बराच वेळ बोलत राहिलो.