विजेची पायपेटी

ऑर्गन हा शब्द कानी पडला की आम्हां मराठी माणसांना संगीत नाटकातील पायपेटी आठवते. म्हणूनच एका स्नेह्यांनी ग्रॅहम बॉंड या इंग्रज वादकाची १९६५ सालची तबकडी ऐकविली, तेव्हा आम्ही प्रथम गोंधळलो. हॅमंड ऑर्गनला भाता नसतो. चुंबकांपुढे धातूची चाके फिरतात आणि विजेतून स्वर उमटतो. पण बॉंडच्या हाती ते यंत्र चक्क गुरगुरत होते!

हा गृहस्थ मूळचा सॅक्सोफोनवाला. १९६१ मध्ये डॉन रेंडेलच्या जॅझ पथकात त्याने नाव मिळविले. पुढे तो ऑर्गनकडे वळला. एका हाताने ऑर्गन आणि दुसऱ्याने सॅक्सोफोन, असेही तो एकाच वेळी वाजवी. १९६३ मध्ये त्याने स्वतःचे पथक काढले. त्यात जॅक ब्रूस, जिंजर बेकर आणि जॉन मॅक्लॉफ्लिन होते. माणसे पारखावी ती त्यानेच! मात्र पथक बॉंडच्या नावाचे असले, तरी तो व्यसनात बुडू लागल्यावर कारभार बेकरच्या हाती गेला. ब्रूसला निरोप दिला तोही बेकरनेच. १९६६ मध्ये हेच दोघे एरिक क्लॅप्टनबरोबर 'क्रीम'मध्ये एकत्र आले आणि जगप्रसिद्ध झाले. बॉंड मागे राहिला.

त्याच्या आयुष्यातील एक गोष्ट मात्र आमच्या मनातून जात नाही. १९३७ साली जन्मलेले हे मूल बर्नार्डोच्या अनाथाश्रमातून दत्तक गेलेले. उत्तरायुष्यात तो मंत्रतंत्राच्या नादी लागला आणि अलिस्टर क्रोली या कुप्रसिद्ध मांत्रिकाचे आपण पुत्र आहोत, असे मानू लागला. लोक यास वेड म्हणतात. आम्हांला तसे म्हणवत नाही. ज्याला बाप ठाऊक नाही त्याने एखादा निवडला, तर हसावे कोणी? निवड वाईट होती, इतकेच.

८ मे १९७४ रोजी, लंडनच्या फिन्सबरी पार्क स्थानकात, भुयारी रेल्वेगाडीखाली त्याचा अंत झाला. वय अवघे छत्तीस.

मॅक्लॉफ्लिनने पुढे मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्यासह 'शक्ती' हे पथक उभे केले. त्या तबकड्या आम्ही वर्षानुवर्षे मोठ्या अभिमानाने ऐकल्या. या गोऱ्या गिटारवादकाने तरुणपणी कोणाकोणाच्या हाताखाली उमेदवारी केली होती, याची चौकशी करावी, असे मात्र आम्हांला कधी सुचले नाही.