हजेरी कळते, मत कळत नाही

आमच्या मतदारसंघाच्या आमदारांच्या कामाची नोंद मी गेली काही वर्षे ठेवते आहे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, चर्चेतला सहभाग, हजेरी हे सगळे थोड्या खटपटीने मिळते. मतदानाचा रकाना मात्र जवळजवळ कोराच राहतो, आणि मला हीच सर्वांत गंभीर गोष्ट वाटते. हजेरीच्या टक्केवारीचे आपल्याकडे फार कौतुक. पण सही करून तासाभरात बाहेर पडलेला सदस्य आणि दिवसभर विधेयक वाचत बसलेला सदस्य, दोघांची हजेरी सारखीच लागते. खरा कस मताचा. तिथे बहुतेक वेळा आवाजी मतदान होते. अध्यक्ष ‘होय’ आणि ‘नाही’ ऐकतात, ‘होय’चे बहुमत असल्याचे जाहीर करतात, आणि कोण काय म्हणाले याची नावानिशी नोंद राहत नाही. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी फडणवीस सरकारवरचा विश्वासदर्शक ठरावसुद्धा असाच आवाजी मतदानाने संमत झाला. भाजपचे १२२ आमदार निवडून आले होते, बहुमताला १४५ हवे होते. उरलेला आधार नेमका कोणत्या आमदारांनी दिला, हे त्यांच्या मतदारांना आजही कागदावर दाखवता येत नाही. उलट ४ जुलै २०२२ रोजी शिंदे सरकारच्या ठरावावर शिरगणती झाली, १६४ विरुद्ध ९९ असा निकाल लागला, आणि त्या दिवशी कोण गैरहजर होते याचा जाब राज्यभर विचारला गेला.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आमदार व्हीपप्रमाणेच मत देतो, मग नोंदीतून नवे काय कळणार? मला हे पटत नाही. व्हीपखाली दिलेले मतही त्याचेच असते. मतदारसंघाच्या हिताविरुद्ध ते दिले असेल तर लोकांना तारखेसह कळायला हवे. शिवाय दरवेळी व्हीप निघतोच असे नाही, आणि तिथे तर पक्षाची ढाल पुढे करता येत नाही. दुसरा आक्षेप वेळेचा. त्यात तथ्य आहे, प्रत्येक दुरुस्तीवर शिरगणती शक्य नाही. पण विधेयकाच्या अखेरच्या मंजुरीला नावनिशीवार मतदान घेता येईल. सुरुवात विनियोजन विधेयकापासून करावी, कारण सरकारला वर्षभराच्या खर्चाची परवानगी त्यातूनच मिळते, आणि त्याआधी कित्येक खात्यांच्या मागण्या चर्चेविनाच संमत झालेल्या असतात.