हेमंतांतील पांच दिवस : वाई व कृष्णातीर

मार्गशीर्ष लागला आणि पहांटे पांघरूण ओढून घ्यावेंसें वाटूं लागलें, कीं आपल्या घरांतून 'यंदा कोठें जावयाचें?' हा विचार सुरू होतो. उत्तर बहुधा ठरलेलेंच असतें. शनिवारीं पहांटे मोटार काढावी, दोन दिवसांत दहा स्थळें उरकावीं, शेंदोनशें छायाचित्रें घ्यावीं आणि सोमवारीं आंबलेल्या अंगानें कचेरींत हजर व्हावें. यास हल्लीं सहल म्हणतात. विश्रांतीसाठीं गेलेल्या माणसास परत आल्यावर विश्रांतीची गरज भासावी, हा आमच्या मतें शुद्ध वदतोव्याघात होय.

संथ प्रवास कसा करावा हें शिकावयाचें असल्यास मेघदूतासारखा गुरु नाहीं. तें सर्व काव्य मंदाक्रांता वृत्तांत आहे. सतरा अक्षरांच्या चरणांत पहिलीं चार अक्षरें गुरु. मग पांच लघु अक्षरें भरभर येतात, आणि पुन्हां चाल सावरते. यक्षाला निरोप पोंचविण्याची केवढी निकड! तरीही तो मेघास थकल्यावर शिखरावर विसांवा घेण्यास सांगतो, आणि वाट वांकडी झाली तरी उज्जयिनी टाळूं नकोस, असें बजावतो. प्रवासाचा बेतही असाच असावा. आरंभ जड पावलांचा, मध्यें थोडी हालचाल, शेवट पुन्हां सावकाश.

यंदा आम्हीं वाईचा बेत योजिला आहे, व त्यास कारण आमचे वडील बंधु अण्णा. त्यांचें बालपण वाईस गेलें. आतां ते ऐंशीच्या उंबरठ्यावर आहेत व कांचबिंदूनें त्यांची दृष्टि मंदावत चालली आहे. या विकारांत गेलेली दृष्टि परत येत नाहीं, औषधानें उरलेली तेवढी राखावयाची असते. कृष्णेचा घाट पुन्हां एकदां पाहावा, एवढीच त्यांची इच्छा. आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, काकांना या वयांत कशाला दगदग? ते घरींच बरे. आपण दोन दिवसांत महाबळेश्वर करून येऊं." मुलाच्या बोलण्यांत काळजी होती, हें आम्ही जाणतों. परंतु दगदग होते ती घाईनें. गति कमी केली म्हणजे वृद्धांसही प्रवास झेपतो. आणि ज्याची दृष्टि ओसरत आहे, त्याला दाखवावयाचें तें पुढील वर्षावर ढकलूं नये.

पुण्याहून वाई सुमारें ९० किलोमीटर. खंबाटकीचा घाट ओलांडून सुरूर फाट्यास महामार्ग सोडला कीं गाडी गांवाकडे वळते. पूर्वीं लोक आगगाडीनें वाठार स्टेशनास उतरून पुढें जात. आतां स्वारगेटहून एस्. टी. मिळते. आम्ही सकाळचें जेवण आटोपून निघणार आहों. उतरावयाची जागा तळमजल्यावर व मोरीशेजारीं असावी, हें आम्हीं आधींच पाहून ठेविलें आहे.

पहिल्या दिवशीं कांहींही पाहावयाचें नाहीं. हीं आमचीं गुरु अक्षरें. दुसऱ्या दिवशीं नऊच्या सुमारास, ऊन्ह पायऱ्यांवर उतरल्यावर, घाटावर जावें. ढोल्या गणपतीचें मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ त बांधिलें. नदीच्या पुराचा जोर फुटावा म्हणून त्याची मागील भिंत मत्स्याकार केलेली आहे. देवदर्शन करून परतणाऱ्यांनीं ही भिंत अवश्य पाहावी. शास्त्र व श्रद्धा एकत्र नांदल्याचें तें उत्तम उदाहरण होय. काशीविश्वेश्वराच्या नंदीपाशीं बसावें. पाण्याचा नाद, धुण्याचे आवाज, उन्हानें तापलेला दगड; हें सर्व अंधुक डोळ्यांच्या माणसासही पुरेपूर मिळतें.

तिसऱ्या दिवशीं मेणवली. अंतर अवघें तीन किलोमीटर. धडधाकट मंडळींनीं पायीं जावें, वृद्धांसाठीं रिक्षा करावी. नाना फडणविसांचा वाडा व कृष्णेवरील घाट तेथें आहे. घाटावरील देवळांत टांगलेली मोठी घंटा मूळची पोर्तुगीजांची. १७३९ त चिमाजीअप्पांनीं वसई जिंकिल्यानंतर ती मराठ्यांच्या हातीं आली. वाटेवर उंसाचे मळे व हळदीचीं शेतें लागतात. हळदीचीं पानें या दिवसांत पिवळीं पडूं लागतात. काढणी पुढें पौषमाघांत. मग कंद शिजवून उन्हांत वाळवीत घालतात.

चौथा दिवस निम्मा विश्रांतीचा ठेवावा. ज्यांना हुरूप असेल त्यांनीं आठ किलोमीटरांवरील धोमास जाऊन नृसिंहाचें दर्शन घ्यावें व कांसवाच्या पाठीवर बसलेला तेथील नंदी पाहावा. आम्ही मात्र अण्णांसह गांवांतच राहूं. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढील केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेचें हें गांव. १९१७ त विनोबा त्यांच्यापाशीं शांकरभाष्य शिकावयास येथेंच आले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं मराठी विश्वकोशाचें कामही येथूनच उभें राहिलें. त्याचा पहिला खंड १९७६ त निघाला. जेथें विद्या एवढी वर्षें स्थिरावली, तेथें आपण दोन प्रहर स्वस्थ बसूं नये काय? पांचव्या दिवशीं जेवून परत.

अशा प्रवासास निघणाऱ्यांस दोन सूचना. डोळ्यांत घालावयाचें औषध वेळच्या वेळीं घालावें लागतें, तेव्हां एक कुपी जास्तीची घ्यावी व ती वृद्धांच्या पिशवींत न ठेवितां स्वतःजवळ ठेवावी. दुसरें, हेमंतांत दिवस लवकर मावळतो. मंद दृष्टीच्या माणसास अंधुक उजेडांतील पायऱ्या फार घातक. सूर्यास्तापूर्वीं अर्धा तास घाट सोडावा, मग संध्याकाळची शोभा कितीही रम्य असो.

ज्यांस मार्गशीर्षांत जमणार नाहीं त्यांनीं शिशिरांत जावें. माघापासून कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो व भीमकुंड आळी, धर्मपुरी, गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, रामडोह आळी, ब्राह्मणशाही अशा सात ठिकाणीं तो पाळीपाळीनें होतो. गर्दी वाढते, पण गांवाचें खरें रूप तेव्हां दिसतें.

चिरंजीवांनीं आतां आपली मोटार देऊं केली आहे व पांच दिवसांची रजाही टाकली आहे. आमची अट एकच: वाटेंत अण्णा म्हणतील तेथें गाडी थांबली पाहिजे. घरांतील वडीलधाऱ्यांस मागें ठेवून पाहिलेल्या दहा स्थळांपेक्षां त्यांच्या चालीनें पाहिलेलें एक स्थळ अधिक लक्षांत राहतें, आणि नातवंडांनाही कांहीं शिकवून जातें. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असें कोणी असेल, त्यांनीं यंदाचा हेमंत वायां दवडूं नये.