दोन इंचांची जागा

बँकेच्या फॉर्मात 'व्यवसाय' या शब्दापुढे दोन इंच मोकळी जागा असते. तेवढ्यात माणसाने मावावं, अशी अपेक्षा असते. बहुतेक मावतातही. मी तर 'नोकरी' एवढं लिहून उरलेल्या जागेकडे बघत बसतो.

माझी नोकरी साताऱ्याला आणि घर सांगलीला. त्यामुळे आठवड्याला एक एसटी ठरलेली. कराड आलं की शेजारच्या गोळेश्वरची आठवण निघतेच. तिथल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. त्यांना तिथवर पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकलं होतं. कर्जाचं कारण 'शिष्याची कुस्ती' असं कोणी माझ्या काउंटरवर सांगितलं असतं, तर मी आधी उत्पन्नाचा दाखला मागितला असता.

पुढे येतो पेठ नाका. इथं गाडी हायवे सोडून सांगलीकडे वळते. इथली भजी मी शेकडो वेळा खाल्ली असतील. पण हे पेठ म्हणजे मुरलीकांत पेटकरांचं गाव, हे मला २०२४ साली 'चंदू चॅम्पियन' सिनेमा आला तेव्हा कळलं. भजी ठाऊक, माणूस ठाऊक नाही!

सवयीने मी मनातल्या मनात त्यांचा फॉर्म भरायला घेतला. जन्म १ नोव्हेंबर १९४४. व्यवसाय? सैन्याच्या ईएमईत जवान. शिवाय मुष्टियोद्धा. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या शिरल्या. एक कण्यापाशी कायमची राहिली आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. 'मुष्टियोद्धा' खोडलं. उपचार म्हणून पाण्यात उतरवलं, तर गडी जलतरणपटू झाला! मध्येच १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये टेबल टेनिस. १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल, वेळ ३७.३३ सेकंद, विश्वविक्रम आणि भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. त्याच स्पर्धेत भालाफेकही. प्रवासखर्चाला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची संस्था धावून आली होती. पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी. माझे दोन इंच केव्हाच संपले होते. समास भरला, कागद उलटला.

त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली आणि अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये. माणसाला पन्नास मीटरला सदतीस सेकंद लागले आणि कागदाला बावन्न वर्षं. लोक आमच्या चेक क्लिअरिंगला उगीच नावं ठेवतात!

हे मी ऐटीत बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "पण तो कागद कुणाच्या तरी टेबलावरच पडून असेल ना?"

मी गप्प झालो. कारण मला एक टेबल आठवलं. माझंच. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी एक म्हातारे फौजी आले होते. हाताला कंप. सही जुळेना. मी म्हटलं, "बाबा, सही जुळत नाही. उद्या या."

ते शांतपणे म्हणाले, "साहेब, ती सही केली तो हात निराळा होता."

मला तो उद्धटपणा वाटला. मी "पुढचे कोण?" म्हणालो आणि ते पायऱ्या मोजत उतरले.

गेल्या नोव्हेंबरात ते पुन्हा आले. मी उठून खुर्ची दिली, अंगठ्याचं पॅड पुढे सरकवलं आणि विचारलं, "बाबा, फौजेत काय करत होता?"

एवढा एकच प्रश्न. गडी सुरू झाला. ट्रक चालवला, पलटणीचा हॉकीचा गोल राखला, बर्फात पाचशे माणसांचा स्वयंपाक केला, गावी येऊन तालीम बांधली. रांग कुरकुरू लागली. मॅनेजरसाहेब केबिनमधून दोनदा डोकावले. तिसऱ्यांदा मात्र बाहेर येऊन ऐकत उभे राहिले.

शेवटी केवायसीचा फॉर्म उरला. 'व्यवसाय' पाशी माझं पेन अडलं. "काय लिहू, बाबा?"

"लिहा की पेन्शनर," ते हसून म्हणाले. "बाकीचं तुम्हाला सांगितलंय."