मुक्कामी गाडी आणि भारमान

काल आगारात गेलो होतो. मुक्कामी गाडी पुन्हा सुरू करा, असा अर्ज द्यायला. तिथल्या साहेबांनी अर्ज घेतला, बसा म्हणाले, चहाही मागवला. माणूस चांगला आहे. रजिस्टर उघडून म्हणाले, "तुमच्या फेरीला भारमान नव्हतं हो. संपाच्या आधीही नव्हतं."

भारमान म्हणजे गाडीत जागा किती आणि त्यातल्या भरल्या किती, याचा हिशोब. तो शब्द रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून ही पोस्ट. मोठी झालीय, पण जमलं तर शेवटपर्यंत वाचा. शेवटी एक काम आहे.

गावातली जी पोरं पुण्या-मुंबईला आहेत त्यांना आठवत असेल. रात्री आठला गाडी पारापाशी येऊन थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या खोलीत झोपायचे, कुणाच्या तरी घरची भाकरी त्यांना जायची. पहाटे सव्वासहाला हॉर्न वाजला की अर्ध्या गावाला जाग यायची. तालुका १९ किलोमीटर, त्यात घाट. दुधाचे कॅन टपावर आणि आत कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेल्या बायका, सरकारी दवाखान्यात शुगर तपासायला निघालेली म्हातारी माणसं. माझी आई गेली चार वर्षं त्याच गाडीनं बीपीच्या गोळ्या आणायला जात होती. पहिल्या नंबरात केसपेपर निघायचा आणि बारापर्यंत ती घरी यायची.

२०२० च्या मार्चमध्ये सगळंच थांबलं तेव्हा गाडीचं कुणाला फार वाटलं नाही, कारण जायचं तरी कुठं होतं? खरी पंचाईत झाली ती पुढच्या वर्षी. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे वर्ग उघडले. माझी थोरली अकरावीला. दीड वर्ष मोबाईलवर शिकून पोर कंटाळली होती, पहिल्या दिवशी पाच वाजताच आंघोळ करून बसली. त्याच महिन्याच्या २६ तारखेला एसटीचं भाडं १७.१७ टक्क्यांनी वाढलं. आमचं ३० रुपयांचं तिकीट ३५ झालं आणि आम्ही पारावर बसून भाडेवाढीच्या नावानं बोटं मोडली. पुढच्या दहा-बारा दिवसांत तर पस्तीस रुपये देऊनही गाडी मिळेना. दिवाळीच्या तोंडावर राज्यभर संप सुरू झाला आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकेक करत सगळे डेपो बंद पडले.

खरं सांगतो, सुरुवातीला मी संपकऱ्यांना शिव्या दिल्या. मग एक दिवस आमचा मुक्कामी गाडीचा कंडक्टर उसाच्या फडात दिसला. ट्रॉलीत मोळ्या टाकत होता. मला बघून थोडा लाजला. म्हणाला, "दादा, लॉकडाऊनपासून पगार कधी वेळेवर नाही. पोराची फी भरायची म्हणून आलो." त्या दिवसांत एसटी कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या पेपरात येत होत्या. त्यानंतर माझ्या तोंडून शिवी गेली नाही. २४ नोव्हेंबरला सरकारनं मूळ पगारात अडीच ते पाच हजारांची वाढ दिली तरी विलीनीकरणाच्या मागणीवर संप चालूच राहिला. माझ्या मते तिथं मिटवायला हवं होतं. कुणाला पटेल, कुणाला नाही. अखेर हायकोर्टानं २२ एप्रिलपर्यंत कामावर या म्हणून सांगितलं तेव्हा लोक परतले. साडेपाच महिने झाले होते.

त्या साडेपाच महिन्यांचा आमच्या घरचा हिशोब मांडतो. मी तालुक्याला पतसंस्थेत आहे, पगार साडेअकरा हजार. बारावीपर्यंतच्या मुलींना पास फुकट, त्यामुळं पोरीच्या जाण्यायेण्याला शून्य रुपये लागायचे आणि माझे महिन्याला पंधराशे. संपात वडापवाल्यानं एका बाजूचे पन्नास केले. दोघांचे दोनशे रोज, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या घरात. वडापवाल्याला तरी काय बोलणार? डिझेल परवडत नाही म्हणून तो जीप भरल्याशिवाय हलवत नाही. नऊ जणांच्या जीपमध्ये सोळा बसतात, पोरं मागं लटकतात. आणि त्याची पहिली फेरी साडेआठला. कॉलेज भरतं सात चाळीसला.

म्हणून जानेवारीत जुनी मोटारसायकल घेतली. चाळीस हजारांचं कर्ज, दोन हजार हप्ता. एप्रिलमध्ये पेट्रोल १२० च्या आसपास गेलं तेव्हा रोजचे नव्वद रुपये टाकीत जात होते. हप्ता धरून महिन्याला सव्वाचार हजार. म्हणजे कर्ज काढून, पहाटेच्या थंडीत घाट उतरून मी वाचवले किती, तर सहा-सातशे रुपये. पण पोर वेळेवर पोचत होती. आई मात्र मोटारसायकलवर बसायला घाबरते. आता तिच्या गोळ्या मी मेडिकलमधून विकत आणतो. बीपी शेवटचं कधी मोजलं, ते तिलाही आठवत नाही.

आपल्या गावातून आणि दोन वाड्यांतून मिळून सात मुली ज्युनिअर कॉलेजला जात होत्या. १५ जूनला शाळा उघडल्या, कॉलेजही भरलं. जाताहेत तीन. त्यातली एक माझी, दुसरी तालुक्याला मामाकडं राहते, तिसरीला तिचा भाऊ सोडतो. उरलेल्या चौघींपैकी एकीचा फेब्रुवारीत साखरपुडा झाला. गाडी नाही म्हणून लग्न ठरवलं, असं कुणीच म्हणत नाही. "स्थळ चांगलं आलं" असं म्हणतात. मी साखरपुड्याला गेलो होतो, जेवूनही आलो. मुलगी दहावीला ८१ टक्के. नववीत असताना गाडीत खिडकीशी बसून पाढे म्हणायची आणि कंडक्टर तिची चेष्टा करायचा.

भारमानाच्या रजिस्टरात हे कुठं लिहायचं, असं मी साहेबांना विचारलं. म्हणजे नीट विचारलं, भांडलो नाही. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, पण माझी अडचण बघा." अर्धं वर्ष उभ्या राहिलेल्या गाड्या, बॅटऱ्या उतरलेल्या, टायर गेलेले. ड्रायव्हर कमी. वरून रोज विचारणा, किलोमीटरमागं उत्पन्न किती? मुक्कामी गाडी म्हणजे एक गाडी आणि दोन माणसं रात्रभर अडकून पडणार. "दहाची फेरी देतो," म्हणाले, "ती चालवून बघू."

दहाची फेरी कुणासाठी? कॉलेज साडेबाराला सुटतं. दवाखान्यात तोवर केसपेपर बंद झालेला असतो. मजूर नाक्यावर आठच्या आत पोचला नाही तर त्या दिवसाची हजेरी गेली. ती गाडी रिकामी येणार, रिकामी जाणार आणि दोन महिन्यांनी तेच रजिस्टर उघडून आपल्याला दाखवणार, की बघा, तुमच्या गावाला भारमान नाही.

पण साहेबांच्या म्हणण्यातली एक गोष्ट मला लागली, तीही सांगतो. संपाआधीही गाडी भरत नव्हती हे खोटं नाही. ज्यांना परवडलं त्यांनी आधीच मोटारसायकली घेतल्या होत्या, काही जण वडापनं जायला लागले होते. पाच मिनिटं उशीर झाला की आपण गाडी सोडून जीपला हात करायचो. आता त्यात मीही आहे. उद्या गाडी सुरू झाली तर माझी जागा रिकामी असणार, कारण दारात मोटारसायकल उभी आहे आणि तिचे १९ हप्ते बाकी आहेत. आणि ज्या बाईकडं ना मोटारसायकल, ना पन्नास रुपये, ती घरीच बसते. ती रजिस्टरात कशी दिसणार?

निघताना साहेब म्हणाले, "रोज जाणाऱ्यांची यादी आणा. नाव, कुठं चढणार, कशाला जाणार. तीस-पस्तीस नावं असली तर मी वर पाठवतो." आता एवढा शब्द तरी मिळालाय.

तर काम असं. सोमवारी सकाळी दहा वाजता आपण आगारात जातोय. यादीची वही ग्रामपंचायतीबाहेरच्या किराणा दुकानात ठेवली आहे, रविवारी रात्रीपर्यंत नाव लिहा. नुसतं लिहायचं म्हणून लिहू नका, निदान दोन महिने रोज गाडीनं जाणार असाल तरच लिहा. पहिलं नाव मी माझं लिहिलंय, दुसरं पोरीचं, तिसरं आईचं, तिच्यापुढं "महिन्यातून दोनदा, दवाखाना". मोटारसायकल दोन महिने दारात राहील. घरात सांगितलंय, बायको वेडा म्हणाली.

घरी बसलेल्या चारही मुलींच्या घरी मी आणि शाळेतल्या बाई शनिवारी संध्याकाळी जाणार आहोत. साखरपुडा झालाय तिथंही. वरच्या वाडीत रेंज नाही, तिथं ही पोस्ट कुणाला दिसणार नाही. दुधाला जाणाऱ्या कुणीतरी निरोप द्या.