भुऱ्या आणि नाथसागरचे कुरव

क्रांती चौक आणि पैठण गेट यांच्या मधल्या एका गल्लीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश मारायचं, बेअरिंग बदलायची. तांबं हे आमच्या धंद्यातलं सोनं. २०११ च्या आधी दोनदा माझ्या दुकानाचं शटर वाकवून कोणीतरी तारेची बंडलं नेली होती. त्या वर्षीच्या पावसाळ्यात शटरला टेकून एक भुरं पिल्लू थरथरत बसलेलं सापडलं. पोत्यावर घेतलं, दूध दिलं. पाऊस थांबला तरी ते गेलं नाही. त्याला भुऱ्या म्हणू लागलो. तो मोठा झाल्यापासून दुकानातून तारेचा तुकडाही गेला नाही.

माझी बेगम श्रीवर्धनची. कोकणातले मुसलमान शाफई, आम्ही हनफी. आमच्याकडे कुत्र्याची लाळ नापाक, कोरडं अंग कपड्याला लागलं तर चालून जातं. त्यांच्याकडे सगळं अंगच नापाक, ओला हात लागला तरी सात वेळा धुवायचा, त्यातलं एकदा मातीनं. ज्या घरात कुत्रा असतो तिथं रहमतचे फरिश्ते येत नाहीत, ही हदीस बेगमनं पहिल्याच दिवशी ऐकवली. शिकार, गुरं किंवा शेतीच्या राखणीशिवाय कुत्रा पाळला तर नेकीतून रोज कीरातभर वजा होतं, हीसुद्धा ऐकवली. मी म्हणालो, हाही राखणीसाठीच आहे की. तेवढ्यावर तडजोड झाली. भुऱ्या जिन्याची पहिली पायरी चढणार नाही, त्याचं भांडं दुकानातच राहील आणि मी हातपाय धुतल्याशिवाय वर येणार नाही. चौदा वर्षांत ही तडजोड ना मी मोडली, ना बेगमनं, ना भुऱ्यानं. पहिल्या पायरीपाशी तो मान खाली घालून थांबायचा, जणू कराराच्या वेळी तोही हजर होता.

माझी बरीच गिऱ्हाइकं पैठणच्या बाजूची. धरणाच्या फुगवट्यातून पाणी उचलणारे शेतकरी, त्यांच्या मोटारी जळणार आणि त्या ऐन रब्बीत जळणार. लोडिंग रिक्षा घेऊन मी चितेगाव, बिडकीन, ढोरकीन करत पन्नासेक किलोमीटर जायचो. मागे मोटारी आणि मोटारींवर भुऱ्या. मोटार काढेपर्यंत तासभर काठावर बसावं लागे. तिथं मला पाखरं दिसायला लागली.

मराठवाड्याला समुद्र नाही. पण जायकवाडीचा नाथसागर भरलेला असताना काठावर उभं राहा, समोरचा किनारा दिसत नाही. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हातून या धरणाची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हातून उद्घाटन झालं, आणि दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, जलाशयाला पक्षी अभयारण्य जाहीर केलं. गोदावरीचं पाणी साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतं, पण बऱ्याच ठिकाणी ते उथळ आहे, आणि पाखरांना हवं असतं ते हेच. हिवाळा सरू लागला की पाणी मागे हटतं. उघड्या पडलेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेरा करतात आणि चिखलाच्या कडेनं पक्षी चरतात.

एका गिऱ्हाइकाकडे मजुरीचे पैसे नव्हते, त्यानं जुनी दुर्बीण दिली. बेगम म्हणाली, याच्यात तांबं किती आहे? पण त्या दुर्बिणीनं मला बिघडवलं. लांब लाल पायांचा शेकाट्या, कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा वारकरी, चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका असलेलं हळदीकुंकू बदक, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब. हे पट्टकादंब तिबेट आणि मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. क्रांती चौकातून पैठणला जाताना माझी रिक्षा दोनदा गरम होते!

पाखरांची नावं शोधता शोधता डॉ. सलीम अलींपर्यंत पोचलो. आपल्या शहरात दिल्ली गेटजवळचा जुना खिजरी तलाव आज त्यांच्याच नावानं ओळखला जातो. १८९६ साली मुंबईतल्या सुलेमानी बोहरा घराण्यात जन्मलेला हा पोरका मुलगा मामाकडे वाढला. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं त्यानं एक चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. असली चिमणी मुसलमानानं खावी की नाही, अशी शंका आली म्हणून तो ती घेऊन मामाकडे, अमीरुद्दीन तय्यबजींकडे गेला. त्यांना सांगता येईना, त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे धाडलं. साहेबांनी ती पिवळ्या कंठाची रानचिमणी असल्याचं सांगितलं आणि भुसा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. पुढचं आयुष्य त्या कपाटांमागे गेलं. १९३० च्या सुमारास नोकरी नव्हती, तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीमला समुद्राकाठी राहिले आणि सुगरणीची घरटी पाहत बसले. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तरच तो ते पुरं करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी नवं सुरू करतो, हे त्यांनी तिथं नोंदवलं. जायज की नाजायज या एका पोरवयातल्या सवालातून एवढं सगळं निघालं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

भुऱ्याला मात्र पक्षी बघण्याचा एकच प्रकार ठाऊक होता, धावत जाणं. तो सुटला की काठावरचे सगळे पक्षी हवेत, आणि माझ्या दुर्बिणीत नुसतं आभाळ. मी हसायचो. एका मार्चमध्ये त्यानं गाळपेऱ्याच्या बांधाजवळची टिटवीची अंडी फोडली. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे रचल्यासारखं करते आणि त्यातच अंडी घालते. नदी सुरय हा पक्षीही असाच, पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या वाळूवर अंडी घालतो. दोन्ही टिटव्या आमच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालत राहिल्या. जाळं आवरणारा एक भोई म्हणाला, "मामू, कुत्रं बांधा. पाखराचं घर हाय हे." मला अबू दाऊदमधली हदीस आठवली. प्रवासात साथीदारांनी एका पाखराची पिल्लं उचलली, ते पाखरू पंख फडफडवत आलं, आणि प्रेषितांनी (स.) पिल्लं परत ठेवायला सांगितली. इथं परत ठेवायला काही उरलं नव्हतं. त्या दिवसापासून भुऱ्याच्या गळ्यात दोरी आली. कोणी कुत्रा घेऊन काठावर जात असेल तर त्यानंही बांधूनच न्यावा.

मग भुऱ्या म्हातारा झाला. कधी झाला ते कळलं नाही. आधी डोळ्यांत दुधी छटा आली, मग कान गेले. आमच्या चौकाला जुनी माणसं काळा चबुतरा म्हणत. १८५७ मध्ये बंड केलेल्या घोडदळाच्या शिपायांना इंग्रजांनी तिथंच मारलं, म्हणून पुढं क्रांती चौक. आता वर उड्डाणपूल आणि खाली चारी बाजूंनी गाड्या. भुऱ्या हा चौक आयुष्यभर माणसांच्या घोळक्याबरोबर, सिग्नल बघून पार करत आला. दोन हिवाळ्यांपूर्वी तो जालना रोडच्या मधोमध उभा राहिला आणि हललाच नाही. त्याला हॉर्न ऐकू येत नव्हते. एका रिक्षावाल्यानं रिक्षा आडवी लावून ट्रॅफिक थांबवलं. मी त्याला उचलून आणला, तेव्हा तो किती हलका झालाय ते हाताला कळलं. डॉक्टरांनी मोतीबिंदू आणि सांधे सांगितले, जमिनीवर झोपवू नका म्हणाले. मी फळीवर पोती टाकली.

त्याच महिन्यात रात्री कोणीतरी शटरचं कुलूप तोडायचा प्रयत्न केला. भुऱ्या आत झोपलेला होता, त्याला पत्ताच नाही. सकाळी वाकडं कुलूप बघून बेगम काही बोलली नाही, पण तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच होतं. कुत्रा राखणीसाठी होता. राखण संपली. मग आता तो कशासाठी?

मी आमच्या मशिदीतल्या इमाम साहेबांना विचारलं. त्यांनी फतवा दिला नाही. उलट मलाच विचारलं, "सोडणार कुठं?"

मी म्हणालो, सोडला तर चौकातच मरेल. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी त्या उंटाची गोष्ट सांगितली, ज्याचा मालक त्याला राबवत होता आणि उपाशी ठेवत होता. उंट प्रेषितांना (स.) पाहून रडला, आणि मालकाला जाब द्यावा लागला. "तुमचं भांडं वेगळं, जागा वेगळी. ते तसंच ठेवा," एवढं बोलून ते उठले.

हे मी वर येऊन बेगमला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि भाकऱ्या थापत राहिली.

गेल्या जानेवारीत मी म्हणालो, मोटार आणायला पैठणला चाललोय, चल. इतक्या वर्षांत ती नाथसागरला आली नव्हती. श्रीवर्धनच्या माणसाला तळं काय दाखवता, असं तिचं म्हणणं. या वेळी आली. भुऱ्याला मी मागे पोत्यावर बांधलं.

काठावर त्याला खाली ठेवलं तर तो चार पावलं चालला आणि बसला. धावायचं त्याच्यात राहिलं नव्हतं. नाक तेवढं चालू होतं, वाऱ्याकडे तोंड करून तो वास घेत राहिला. आम्ही त्याच्या शेजारी बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी धोबी आला, शेपूट हलवत. मग दोन शेकाटे. मग एक वंचक, जो उडेपर्यंत मातीचं ढेकूळच वाटतो आणि उडाला की पांढराशुभ्र दिसतो. इतक्या जवळ पाखरं मला आजवर कधी आली नव्हती. दुर्बीण खाली ठेवली.

तेवढ्यात पाण्यावरून पांढऱ्या पक्ष्यांचा थवा आला. बेगम ताडकन उभी राहिली. "हे तर आमच्याकडचे!"

ते कुरव होते. हिवाळ्यात डोकं पांढरं, डोळ्यामागे काळा ठिपका. श्रीवर्धनला होड्या बंदरावर यायच्या तेव्हा हे मागे मागे ओरडत यायचे, तिचे अब्बा टाकाऊ मासळी फेकायचे आणि ती ठिपके मोजायची. नाव विचारलं तर म्हणाली, नाव कुठलं, आम्ही पाखरंच म्हणायचो. मग बराच वेळ ती अब्बांबद्दल बोलत होती. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, त्यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकलं.

ऊन चढलं तसा भुऱ्या धापा टाकू लागला. पाणी समोर होतं, पण मध्ये चिखल, त्याचे पाय रुतले असते. त्याचं भांडं मी दुकानातच विसरलो होतो. मी इकडेतिकडे नारळाची करवंटी, काहीतरी शोधत होतो. वळून बघतो तर बेगमनं जेवणाच्या डब्याचं स्टीलचं झाकण काढून जमिनीवर ठेवलं होतं आणि आपल्या बाटलीतलं पाणी त्यात ओतत होती, हात लांब धरून. तो प्यायला. ती तिथंच उभी राहिली, पुन्हा ओतलं.

घरी आल्यावर मी झाकण सात पाण्यांनी धुतो म्हणालो, एकदा माती लावून. ती म्हणाली, "राहू द्या त्याच्याकडेच."

झाकण दुकानात फळीजवळ आहे. डबा आता ती दस्तीनं बांधून देते.