खो-खोवाले सर

शाळेत शिक्षक सात होते, पण गावात नुसतं 'सर' म्हटलं की एकच. गणित शिकवायचे आणि खो-खो. शिकायला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात होते. मंडळाचा चमू १९३६ साली ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवायला बर्लिनला गेला होता, हे आम्हाला गणिताच्या तासाला कळलं. मग बर्लिन नकाशात शोधायला लावलं. आम्हाला तोवर यवतमाळच लांब वाटे.

आमच्या भागात दसऱ्यानंतर अर्धा वर्ग वावरात असतो. कापूस वेचायला जितके हात तितके कमीच, आणि वेचणीची मजुरी किलोवर. दुसरे शिक्षक हजेरीवर लाल रेघा मारत. सरांनी वेगळंच हेरलं होतं. सकाळी बोंडावर दहिवर असतं. ते सुकेस्तोवर कोणी वेचायला लागत नाही, ओला कापूस व्यापारी घेत नाही. म्हणजे तेवढा वेळ पोरं मोकळी. म्हणून आमचा सराव पहाटे साडेपाचला. शाळेमागं सागाचे दोन खांब रोवले होते. थंडीत काळ्या मातीचे खडे तळव्याला टोचत, आणि सर मफलर गुंडाळून ओरडत, "खो मागून द्या, मागून! तोंड दाखवून नाही!" सराव झाला की आम्ही वावरात. राहिलेलं गणित रात्री समाजमंदिरात, लाइन असली तर.

पैशाचं कळलं ते त्यांच्या तेरवीला. जेवणं झाल्यावर मंडपात आम्ही जुने विद्यार्थी बसलो होतो. एक म्हणाला, माझी दहावीच्या परीक्षेची फी सरांनी भरली होती. दुसरा म्हणाला, माझीपण. तिसऱ्याचा चष्मा, कोणाचं बारावीपर्यंतचं एसटीचं भाडं. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्या एकट्याचंच केलं. एका मास्तराच्या पगारात हे कसं बसवलं असेल, तो हिशेब आम्हा गणितवाल्यांनाही जमला नाही.

पुढं जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामन्यांत भारतानं नेपाळला हरवलं. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. आमचा ग्रुप त्या रात्री झोपलाच नाही. सर पाहिजे होते, सर पाहिजे होते, एवढंच सारे लिहीत होते. त्यातूनच सरांच्या नावानं शिष्यवृत्ती काढायचं ठरलं. पैसे लवकर जमले. भांडण नियमांवर झालं.

पुण्या-मुंबईकडच्यांनी नियम टाइप करून पाठवले. ८० टक्के गुण, ७५ टक्के हजेरी, २६ जानेवारीला पाहुण्यांच्या हस्ते चेक. वर शीर्षक 'पात्रता'. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. नियम नसले की पैसे ओळखीपाळखीत जातात, हे आपण सगळीकडे पाहतोच. एकानं आचरेकर सरांचं उदाहरण दिलं. ते स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत, आणि सचिन बाद झाला नाही तर ते त्याचं. तशी तेरा नाणी सचिननं जपून ठेवली आहेत. बक्षीस कमवावं लागतं, असा त्याचा मुद्दा.

खो-खोत माझ्या शेजारच्या चौकोनात बसणारी मैत्रीण गावातच आहे, आशा वर्करचं काम करते. तिनं फोन स्पीकरवर घ्यायला लावला. म्हणाली, "ते सचिनचं झालं, दादा. आपल्या इथं बाद होनाऱ्यायचं पाहाचं आहे. ८० टक्केवाल्याले त सारेच देतात. अन् हजेरी पाह्यली असती त मी अन् हे, आमी दोघीबी दहावीले बसलो असतो का?"

पलीकडून कोणी बोललं नाही.

मग ती हळूच म्हणाली, "अन् थो पात्रता शब्द काढा बाप्पा."

बाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. आमच्या जिल्ह्यात शेतकऱ्यानं आत्महत्या केली की सरकारी मदतीसाठी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरतं. जमीन स्वतःच्या नावावर नसली, कर्ज कागदावर नसलं, की अपात्र होऊ शकतं. मेलेल्या माणसाच्या नावापुढं तो शब्द लिहिलेला ज्या घरानं वाचला, त्या घराला तो पुन्हा वाचवत नाही. ती नववीत असताना तिच्या वडिलांचं प्रकरण अपात्र झालं, कारण सातबारा आजोबांच्या नावावर होता. त्यानंतर महिनाभर ती घराबाहेर आली नाही. सर रोज पहाटे तिच्या अंगणात येऊन उभे राहत. काही बोलत नसत. उजाडायला लागलं की निघून जात. एक दिवस ती चप्पल न घालताच त्यांच्या मागं मैदानावर आली. तिचा चौकोन आम्ही रिकामाच ठेवला होता.

शेवटी नियम तीनच राहिले. मूळ रकमेला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. मूल शाळेतून सुटायच्या बेताला असलं पाहिजे. आणि कार्यक्रम नाही, फोटो नाही. निवड कोण करणार, यावर मात्र अजून कुरबुर आहे. सध्या शाळेतले एक शिक्षक आणि माझी मैत्रीण मिळून पाहतात. मुंबईचा मित्र दर सहा महिन्यांनी हिशेब मागतो. मागावाच, मला त्यात काही वावगं दिसत नाही.

पहिल्या वर्षीचं व्याज नववीतल्या एका पोरीसाठी वापरलं. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण एसटी फाट्यापर्यंतच येते आणि फाटा गावापासून चार किलोमीटर. तिला सायकल घेतली, उरलेल्या पैशात वह्या-पुस्तकं. वर्षभरात तिची हजेरी निम्मीही नव्हती.

मैत्रीण सायकल घेऊन गेली तेव्हा पोरीची आई वेचणीहून परत येत होती, ओटीला कापसाची रुई चिकटलेली. सायकल कोणी दिली, ते तिनं विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "बाई, हे वापस कवा द्याची?"